शक्ती : एका संगीतसंचाची पन्नास वर्षे

४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरात ग्रॅमी पारितोषिकांचा समारंभ झाला. जागतिक संगीताच्या सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे पारितोषिक त्या दिवशी 'शक्ती' या संचाच्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेस मिळाले. या संचाने ध्वनिमुद्रणगृहात बसून मुद्रित केलेली या आधीची ध्वनिमुद्रिका १९७७ सालची होती आणि पुढच्याच वर्षी संच विसर्जित झाला होता. म्हणजे दोन ध्वनिमुद्रिकांमध्ये शेहेचाळीस वर्षांचे अंतर पडले. संगीताच्या बाजारात एवढ्या अवधीत दोन पिढ्या येऊन जातात. वाद्ये बदलतात, तबकड्यांचे आकार बदलतात, श्रोत्यांची आवड तर पाच-दहा वर्षांतच पालटते. अशा स्थितीत एकदा मोडलेला हा संच दोनदा नव्याने उभा राहिला आणि अर्धे शतक पूर्ण करून सन्मानित झाला, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. तिची कारणे त्याच्या घडणीतच सापडतात.

जॅझ हे संगीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगरात कृष्णवर्णीय वादकांच्या हातून आकाराला आले. एखादी परिचित चाल घ्यावी, तिच्या स्वरसंवादांची चौकट कायम ठेवावी आणि त्या चौकटीत प्रत्येकाने आयत्या वेळी सुचेल ते वाजवावे, ही त्याची रीत. लिहिलेल्या स्वरलेखाबरहुकूम चालणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात संगीतापेक्षा ही रीत आपल्या मैफलीला पुष्कळच जवळची आहे. मुंबईला तर हे संगीत फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझचे वृंद वाजू लागले. गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेले ख्रिस्ती वादक या वृंदांत शिरले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. त्यांच्यापैकीच गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा एक मोठा वाद्यवृंद उभा केला होता. तेव्हा पूर्व-पश्चिमेच्या मिलाफाची कल्पना 'शक्ती'पूर्वीच रुजलेली होती.

पश्चिमेकडेही तसे प्रयत्न झाले होते. १९६२ मध्ये पंडित रविशंकर यांची बड शँक या अमेरिकन जॅझवादकाबरोबरची ध्वनिमुद्रिका निघाली. १९६६ मध्ये मूळचे कलकत्त्याचे संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' सादर केली. तीत पाच जॅझवादक आणि भारतीय वाद्ये वाजविणारे पाच वादक एकत्र बसले होते. १९६८ मध्ये उस्ताद अल्लारखाँ आणि ड्रमवादक बडी रिच यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. हे प्रयोग प्रामाणिक होते आणि त्यांचे ऐतिहासिक महत्त्वही वादातीत आहे. पण त्यांत बहुधा दोन पक्ष आपापल्या जागी बसून एकमेकांना अभिवादन करीत. एकाने दुसऱ्याच्या घरात राहून तेथील आचार शिकावा, एवढा अवधी त्यांत नव्हता. 'शक्ती'चे वेगळेपण नेमके येथे सुरू होते.

जॉन मॅकलॉफलिन यांचा जन्म ४ जानेवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात डॉनकास्टर येथे झाला. आई व्हायोलिन वाजवी. लंडनमध्ये गिटारवादक म्हणून नाव मिळविल्यावर १९६९ च्या आरंभी ते अमेरिकेत गेले आणि थोड्याच दिवसांत माइल्स डेव्हिस या थोर ट्रंपेटवादकाच्या ध्वनिमुद्रणांत सामील झाले. जॅझची उत्स्फूर्तता आणि रॉक संगीताची विद्युत् वाद्ये यांचा मेळ घालण्याचा डेव्हिस यांचा तो काळ होता. याच मेळाला पुढे 'फ्यूजन' हे नाव रूढ झाले. 'बिचेस ब्रू' या त्यांच्या १९७० मध्ये निघालेल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेला तर त्यांनी या तरुण गिटारवादकाचेच नाव दिले.

मॅकलॉफलिन यांचे मन मात्र दुसऱ्याही एका दिशेला ओढ घेत होते. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कमधील बंगाली साधक श्रीचिन्मय यांचे शिष्य झाले आणि गुरूंनी त्यांना 'महाविष्णू' हे नाव दिले. १९७१ मध्ये त्यांनी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' नावाचा संच उभारला. संचातील पाच वादक पाच निरनिराळ्या देशांत जन्मलेले होते. विषम मात्रांचे कठीण हिशेब, विलक्षण द्रुत गती आणि सभागृह दणाणून सोडणारा विद्युत् ध्वनी यांमुळे हा संच अल्पावधीत प्रसिद्धीस आला. 'बर्ड्स ऑफ फायर' ही त्यांची १९७३ ची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढली. केवळ वाद्यसंगीताच्या तबकडीने एवढी मजल मारावी, ही गोष्ट दुर्मीळ होती. पण त्याच वर्षाच्या अखेरीस आपसांतील मतभेदांमुळे हा पहिला संच फुटला. मॅकलॉफलिन यांनी त्या नावाने नवा संच बांधला खरा, परंतु तत्पूर्वीच त्यांचे पाऊल दुसऱ्या वाटेला लागले होते.

ही वाट कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठातून जात होती. या विद्यापीठात कर्नाटक संगीताचे पद्धतशीर अध्यापन १९६० नंतरच्या दशकातच सुरू झाले होते. तेथे डॉ. एस. रामनाथन यांच्यापाशी मॅकलॉफलिन वीणा शिकू लागले. जगभर नावाजलेला गिटारवादक एका परक्या पद्धतीचे पहिले धडे गिरवू लागला, ही घटना लहान दिसली तरी या इतिहासात फार मोलाची आहे. याच विद्यापीठात त्यांना एल. शंकर हे तरुण व्हायोलिनवादक भेटले. शंकर यांचा जन्म मद्रासचा आणि बालपण श्रीलंकेतील जाफन्याचे. त्यांचे वडील व्ही. लक्ष्मीनारायण अय्यर हे स्वतः संगीताचे अध्यापक, एल. वैद्यनाथन आणि एल. सुब्रह्मण्यम हे नामांकित व्हायोलिनवादक त्यांचे बंधू.

दुसरा धागा मुंबईच्या माहीमचा होता. ९ मार्च १९५१ रोजी जन्मलेले झाकिर हुसेन हे उस्ताद अल्लारखाँ यांचे ज्येष्ठ चिरंजीव. अल्लारखाँ मूळचे जम्मूकडचे, पंजाब घराण्याच्या मियाँ कादरबक्षांचे शागीर्द. चित्रपटांत आणि रविशंकरांच्या साथीला नाव मिळविण्यापूर्वी त्यांनी नभोवाणीच्या सेवेत काही काळ घालविला होता. रविशंकरांबरोबरच्या वादनात त्यांनी दाक्षिणात्य लयगणिताचा उपयोग मोकळ्या मनाने केला होता आणि तो संस्कार पुत्रावर घरातच झाला. १९७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, झाकिर हुसेन अमेरिकेत गेले. उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या संगीत विद्यालयात ते तबला शिकवीत. मॅकलॉफलिन आणि झाकिर हुसेन यांनी प्रथम एकत्र वाजविले ते अली अकबर खाँ यांच्याच घरी. दोघांचे सूर तत्काळ जुळले. १९७३ पासून या मैत्रीतून एका संचाची जुळवाजुळव सुरू झाली. घटम् वाजविण्यास मद्रासचे टी. एच. विनायकराम आले. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या ऐतिहासिक कार्यक्रमात त्यांनी साथ केली होती. वेस्लियनमध्ये मृदंगम् शिकविणारे रामनाद राघवन हेही आरंभी संचात होते. संचाचे नाव ठरले 'शक्ती'.

वरवर पाहता हा पूर्व-पश्चिमेचा मेळावा वाटतो. थोडे खोलात गेल्यास दिसते की यातला अधिक अवघड मेळ उत्तर-दक्षिणेचा होता. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन पद्धती एकाच देशात शेजारी नांदत असल्या तरी व्यासपीठावर त्या क्वचितच एकत्र येत. दोहोंत तालाचे शास्त्र समृद्ध आहे, पण तालाचा व्यवहार भिन्न आहे. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो. गवय्याला आपण आवर्तनात कोठे आहोत हे त्या ठेक्यावरून कळते. दक्षिणेत ताल हाताने मोजला जातो. मृदंगम् वाजविणारा ठराविक ठेका धरीत नाही. गाण्याच्या ओळीमागून, किंबहुना तिच्याबरोबरीने, तो आपल्या बोलांची वीण घालतो. तबला, घटम् आणि मृदंगम् ही वाद्ये एकत्र आली म्हणजे ठेका कोणी धरावा आणि वीण कोणी घालावी, येथूनच प्रश्न उभा राहतो.

त्याचे उत्तर या वादकांना बोलांच्या भाषेत सापडले. तबल्याचे बोल निराळे आणि दक्षिणेतील 'कोन्नक्कोल' या मुखोद्गत लयपाठाची अक्षरे निराळी. पण दोहोंमागचे गणित एकच. 'त क धि मि' म्हटले की चार, 'त कि ट' म्हटले की तीन. चार आणि तिनांच्या बेरजा-गुणाकारांतून कितीही गुंतागुंतीचा तुकडा रचता येतो. त्रितालाच्या तिसऱ्या मात्रेपासून पाच मात्रांचा तुकडा लागोपाठ तीनदा वाजविला, तर त्याचा पंधरावा आघात नेमका समेवर पडतो. उत्तरेत याला तिहाई म्हणतात. दक्षिणेत तीनदा म्हणून समेवर येण्याच्या अशाच कृतीला 'मोरा' हे नाव आहे. नावे दोन असली तरी समेचा आनंद एकच, हे एकदा उमगल्यावर ठेक्याचा हट्ट आपोआप गळून पडला. एकजण विस्तार करू लागला की दुसऱ्याने साधे माप धरावे, मग भूमिका पालटाव्या, असा संचाचा परिपाठ झाला. मॅकलॉफलिन यांनी तर कोन्नक्कोलचा अभ्यास एवढा मनापासून केला की पुढे २००७ मध्ये त्यांनी त्या विषयाचा एक दृक्श्राव्य पाठच सहकाऱ्याबरोबर तयार करून प्रसिद्ध केला.

स्वरांच्या बाजूला अडचण गिटारचीच होती. गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, म्हणून तिचे स्वर तुटक निघतात. मींड आणि गमक यांना वाव राहत नाही. मराठी श्रोत्यांना हा आक्षेप नवा नाही. पेटीवर तो पूर्वीपासून घेतला जात होता आणि याच कारणास्तव १९४० पासून सुमारे तीन दशके नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांचे दार बंद ठेवले होते. मॅकलॉफलिन यांनी यावर उपाय काढला. अब्राहम वेक्टर या कारागिराकडून त्यांनी एक खास गिटार घडवून घेतली. तिच्या पट्ट्यांमधील लाकूड खोल कोरून काढले होते, त्यामुळे वीणेप्रमाणे तार दाबून आणि ओढून स्वर वळविता येई. मुख्य तारांखालून तिरप्या रेषेत सात तरफेच्या तारा नेल्या होत्या. विद्युत् यंत्रांच्या भिंतीसमोर उभा राहणारा हा वादक आता तिच्यासह बैठकीवर मांडी घालून बसू लागला.

गिटारचा आकार बदलला, तसा तिचा अधिकारही बदलला. पाश्चात्त्य संगीतात गिटारकडे स्वरसंवादांचा, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर वाजवून चालीला आधार देण्याचा मान असतो. रागसंगीताला असा आधार मानवत नाही. बदलत्या स्वरसंवादांनी रागाचे रूप विस्कटते. मॅकलॉफलिन यांनी 'शक्ती'पुरता हा मान बहुतांशी सोडून दिला आणि व्हायोलिनशी एकेरी सुरांचा संवाद पत्करला. उलट भारतीय वादकांनीही काही सोडले. सावकाश उलगडणारा दीर्घ आलाप सोडला, मुख्य वादक आणि साथीदार ही उतरंड सोडली. घटम् हे दक्षिणेतील मैफलीत उपतालवाद्य समजले जाते. येथे मातीच्या त्या मडक्याला तबल्याच्या बरोबरीचे आसन मिळाले. अनेक मिश्रसंगीतांत जो तो आपले सर्वस्व घेऊन येतो आणि सगळे एकमेकांवर रचतो. परिणामी गोंगाट तेवढा वाढतो. 'शक्ती'तील प्रत्येकाने आपल्या पोतडीतले काही बाहेर ठेवले, म्हणून दुसऱ्याला आत जागा झाली. या संचाच्या दीर्घायुष्याचे मूळ येथे आहे.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवरील साउथहॅम्प्टन कॉलेजात झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण १९७६ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाले. तीत तीनच रचना होत्या. 'जॉय' ही सुमारे १८ मिनिटांची, 'लोटस फीट' ही लहान आणि शांत, आणि दुसरी बाजू व्यापणारी तिसरी रचना जवळजवळ २९ मिनिटांची. यानंतर रामनाद राघवन संचात राहिले नाहीत. उरलेल्या चौघांनी 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' ही ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये लंडनला आणि 'नॅचरल एलिमेंट्स' ही १९७७ मध्ये जिनिव्हाला मुद्रित केली. आज या तीन तबकड्या मिलाफसंगीताच्या इतिहासात मानाने उल्लेखिल्या जातात. त्या काळी मात्र त्यांचे स्वागत संमिश्र होते. 'महाविष्णू'च्या गडगडाटासाठी आलेल्या तरुण श्रोत्यांना विजेवाचून चाललेले हे वादन चकित करून गेले, पण बाजारातील खप पूर्वीच्या तुलनेत उतरला. जॅझच्या दुकानात ठेवावे तर ड्रम आणि बास नाहीत, भारतीय संगीताच्या कप्प्यात ठेवावे तर राग शुद्ध नाही! लौकिकाच्या शिखरावरील वादकाने प्रिय वाद्याचा आवाज स्वतः होऊन कमी केला, त्याचे मोल त्याला असे मोजावे लागले. १९७८ मध्ये संच विसर्जित झाला.

पुढील वीस वर्षांत हे चौघे चार दिशांना गेले, तरी त्यांचे कार्य खंडित झाले नाही. मॅकलॉफलिन पुन्हा गिटारच्या नाना प्रयोगांकडे वळले. एल. शंकर यांनी दोन दांड्यांचे व्हायोलिन तयार करवून घेतले आणि पाश्चात्त्य कलावंतांबरोबर स्वतंत्र कीर्ती मिळविली. झाकिर हुसेन हे भारतातील अभिजात मैफलींचे अग्रगण्य तबलावादक झाले. अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आणि विनायकराम यांचा सहभाग होता आणि १९९२ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. विनायकराम मद्रासला परतले व वडील हरिहर शर्मा यांनी स्थापिलेल्या श्री जयगणेश तालवाद्य विद्यालयाच्या कार्यात रमले. त्या विद्यालयातून पुढे अनेक तालवादक तयार झाले आणि त्यांत विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश हेही होते. जुना संच विसर्जित असतानाच नव्या संचाचा एक खांब अशा रीतीने मद्रासमध्ये उभा होत होता.

१९९७ मध्ये मॅकलॉफलिन, झाकिर हुसेन आणि विनायकराम पुन्हा एकत्र आले. एल. शंकर या वेळी नव्हते. त्यांच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आली. ब्रिटनमधील या दौऱ्याचे मुद्रण १९९९ मध्ये 'रिमेंबर शक्ती' या नावाने प्रसिद्ध झाले आणि तेच नाव संचालाही चिकटले. बासरीमुळे संगीताची गती मंदावली आणि पहिल्या संचाने वर्ज्य केलेला दीर्घ आलाप मैफलीत परत आला. पुढे चौरसियांच्या स्थानी मँडोलिनवादक यू. श्रीनिवास आले आणि विनायकराम यांच्या जागी सेल्वगणेश बसले. पित्याचे आसन पुत्राने घ्यावे, हे आपल्याकडील घराण्यांत नित्याचे आहे. पश्चिमेकडील फ्यूजनच्या संचांत ते क्वचितच घडले असेल. सेल्वगणेश यांनी घटम् व मृदंगम् यांच्याबरोबर कंजिरा हे हाताएवढे लहान तालवाद्य पुढे आणले आणि त्यावर तबल्याशी सवाल-जवाब करून दाखविले.

श्रीनिवास यांची कथा या संचाच्या स्वभावाशी जुळणारी आहे. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ मध्ये जन्मलेल्या या बालकाने मँडोलिन हे इटालियन वाद्य कर्नाटक संगीताच्या मंचावर प्रतिष्ठित केले. विद्युत् मँडोलिनला त्यांनी पाच तारा ठेवल्या आणि सूक्ष्म गमके काढून कर्मठ रसिकांनाही जिंकले. वस्तुतः ज्या व्हायोलिनवाचून आज कर्नाटक मैफल पूर्ण होत नाही, तेही एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांच्या काळात, परकीय वाद्य म्हणूनच आले होते. परंपरा म्हणजे दार लावून घेतलेले घर, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल. पाहुण्याने घरातली शिस्त पाळली की दोन पिढ्यांत तो घरचाच होतो.

या दुसऱ्या पर्वात संचाला आणखी एक गोष्ट लाभली. ती म्हणजे मानवी कंठ. मुंबईत चेंबूरला वाढलेले शंकर महादेवन हे घराण्याने तमिळ, बालपणी वीणा शिकलेले आणि मराठी भावसंगीताचे थोर रचनाकार श्रीनिवास खळे यांचे शिष्य. १९९८ मधील 'ब्रेथलेस' या गीताने त्यांचे नाव देशभर झाले होते. पुढे २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात पंडितजींची भूमिका करून ते महाराष्ट्राच्या अधिकच निकट आले. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमांत ते या संचाबरोबर गायले. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि देबाशिष भट्टाचार्य यांची गिटारही त्यात होती. २००१ मध्ये 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' ही ध्वनिमुद्रिका निघाली. न्यूयॉर्कनजीक जन्मलेला हा संच अशा रीतीने पाव शतकानंतर त्याच्या तबलावादकाच्या जन्मगावी येऊन पोचला, आणि हिंदुस्थानी, कर्नाटक व मुंबईचे सुगम संगीत या तिन्हींची माणसे तेथे त्याच्या बैठकीत सामील झाली.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी यू. श्रीनिवास यांचे चेन्नई येथे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस होते. या आघाताने संच पुन्हा मूक झाला. संचाचे पुनरुज्जीवन झाले ते २०२० च्या सुमारास, आणि नेमक्या त्याच वेळी जगभर करोनाची साथ पसरली. प्रवास बंद पडले. तेव्हा मॅकलॉफलिन मोनॅकोत, झाकिर हुसेन अमेरिकेत आणि इतर सहकारी आपापल्या गावी, अशा स्थितीत प्रत्येकाने आपले वादन मुद्रित करून दुसऱ्याकडे पाठवावे, अशा रीतीने नव्या रचना सिद्ध झाल्या. समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत समेवर येणाऱ्या संगीताला ही रीत मानवणारी नव्हती. तथापि तीस-चाळीस वर्षांच्या सहवासाने घडलेली ओळख कामी आली. व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन संचात आले आणि आरंभीचे गिटार-व्हायोलिनचे नाते पुन्हा जुळले. जून २०२३ मध्ये 'धिस मोमेंट' प्रसिद्ध झाली, तेव्हा मॅकलॉफलिन ८१ वर्षांचे होते. तिच्यातील 'श्रीनीज ड्रीम' ही पहिली रचना दिवंगत श्रीनिवास यांच्या स्मृतीस वाहिलेली आहे. त्याच वर्षी संचाने पन्नाशीनिमित्त भारतात, युरोपात आणि अमेरिकेत दौरे केले आणि पुढील वर्षाच्या आरंभी पारितोषिक मिळाले. ते पहिल्या तिन्ही तबकड्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते.

हा सन्मान मिळून वर्षही उलटले नाही तोच, १५ डिसेंबर २०२४ रोजी, झाकिर हुसेन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे देह ठेवला. फुप्फुसांच्या असाध्य विकाराने ते आजारी होते. वय ७३ वर्षांचे होते. पहिल्या संचापासून शेवटच्या दौऱ्यापर्यंत या बैठकीवर अखंड राहिलेले वादक दोनच होते, मॅकलॉफलिन आणि झाकिर हुसेन. त्यांतील एक गेला आणि 'शक्ती'चा इतिहास एका अर्थी पूर्ण झाला.

या इतिहासाचे मूल्यमापन करताना आक्षेपकांचेही ऐकले पाहिजे. रागाची स्वरावली उचलून तिच्यावर द्रुत ताना खेळविल्या म्हणजे राग उभा राहत नाही. त्याचे चलन, त्याचे न्यास, त्याची वेळ आणि वृत्ती यांना अशा संगीतात पुरेसा अवकाश मिळत नाही, असे जाणकार म्हणतात. द्रुत गती आणि सवाल-जवाब यांना टाळ्या हमखास मिळतात आणि कित्येकदा कलावंत त्या मोहाला बळी पडतात, हेही खरे आहे. 'शक्ती'च्या पुष्कळ रचनांना हे आक्षेप लागू पडतील. पण या वादकांनी आपल्या संगीताला रागसंगीत म्हणून कधी पुढे केले नाही. झाकिर हुसेन 'शक्ती'तून उठून अभिजात मैफलीत बसले की तेथील मर्यादा कसोशीने पाळीत. श्रीनिवास यांची कर्नाटक कचेरी शेवटपर्यंत शास्त्रोक्त राहिली. दोन्ही घरांत वावरणाऱ्यांनी एका घराची भांडी दुसऱ्या घरात आणली नाहीत. मिलाफामुळे परंपरा भ्रष्ट होते असे मानणाऱ्यांना या वादकांचे वर्तन हेच पुरेसे उत्तर आहे.

२००१ आणि २०२३ या दोन्ही सालच्या ध्वनिमुद्रिकांत 'गिरिराज सुधा' ही एकच रचना आढळते. पहिल्या मुद्रणात श्रीनिवास यांचे मँडोलिन आहे. दुसऱ्या मुद्रणापर्यंत ते जग सोडून गेले होते. शंकर महादेवन यांचा तरुण कंठ मधल्या बावीस वर्षांत प्रौढ झालेला आहे. गिटार तीच, तबला तोच. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली म्हणजे उणे झालेल्या माणसाची जागा बाकीच्यांनी भरून काढण्याचा अट्टाहास केलेला नाही, हे ध्यानात येते. ती जागा त्यांनी त्याच्या नावाने राखून ठेवली आणि तिच्याभोवती बसून वादन पुढे चालू ठेवले.